रेकॉर्डर आपला, रेकॉर्डिंग कुणाचे?

संध्याकाळचे सात वाजले आहेत. पुण्याहून बदली होऊन म्हैसूरला आलेले एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सासूबाईंच्या मालिकेची वेळ झालेली, नातवाचा क्रिकेटचा सामना ऐन रंगात आलेला, आणि सून अजून ऑफिसातून यायची आहे. तिलाही सासूबाईंचीच मालिका बघायची असते. टीव्ही मात्र एकच. अशा घरात एक दिवस कुणीतरी म्हणतेच, “आई, आपण रेकॉर्डरवाला बॉक्स घेऊ या. तुमची मालिका जेवणं झाल्यावर दोघी मिळून निवांत बघू.” सासूबाईंना ते पटते. प्रश्न उरतो तो कोणता बॉक्स घ्यायचा हा.

नोकरीनिमित्त म्हैसूरला येणारी मराठी माणसे आजही कमी नाहीत. अन्नसंशोधन करणारी सीएफटीआरआय, नोटा छापणारा कारखाना, इन्फोसिसचे प्रशिक्षण केंद्र असे बरेच काही तिथे आहे. गावातल्या केबलवर सगळ्या मराठी वाहिन्या मिळतीलच याची खात्री नसते. म्हणून अशी घरे गच्चीवर छत्री बसवतात. उपग्रह सगळ्या देशाला एकच, त्यामुळे पुण्यातला बॉक्स म्हैसूरलाही चालतो. छत्रीची दिशा मात्र नव्याने जुळवावी लागते. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत. पुण्यात ते क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर येतात, तर म्हैसूरला जवळजवळ ७४ अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावरच म्हणा ना! गंमत म्हणजे देशाच्या अशा उपग्रहांवर देखरेख ठेवणारे इस्रोचे नियंत्रण केंद्र म्हैसूरच्या शेजारच्याच हासन गावी आहे. आणि ‘आकाशवाणी’ हे नावही म्हैसूरचेच. महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरातून जे छोटे रेडिओ केंद्र सुरू केले, त्याचे ते नाव.

पण आपला विषय रेकॉर्डरचा. पूर्वी व्हीसीआरमध्ये कॅसेट घालून कार्यक्रम टिपून ठेवता येत असे. कॅसेटवर नाव लिहायचे, वर ‘पुसू नये’ असा दम द्यायचा, आणि तरीही कुणीतरी त्यावर सिनेमा चढवायचे. कॅसेटऐवजी हार्ड डिस्क वापरणारा रेकॉर्डर अमेरिकेत १९९९ मध्ये ‘टिवो’ या नावाने बाजारात आला. आपल्याकडे टाटा स्कायने २००८ मध्ये ‘टाटा स्काय प्लस’ आणला. एअरटेल, डिश टीव्ही, व्हिडिओकॉन डीटूएच यांचे रेकॉर्डरही पुढे आले. टाटा स्कायचे नाव २०२२ मध्ये टाटा प्ले झाले, आणि डिश टीव्ही व डीटूएच २०१८ मध्ये एकाच कंपनीखाली आले. दुकानदार जुनी नावे अजून सर्रास वापरतात, तेव्हा गोंधळून जाऊ नये.

या बॉक्सांत मुख्य फरक रेकॉर्डिंग कुठे साठते याचा आहे. एका जातीत हार्ड डिस्क बॉक्सच्या पोटातच असते. असे बॉक्स महाग, पण घरात भांडणे कमी करणारे, कारण त्यांत सहसा दोन ट्यूनर असतात. एक ट्यूनर म्हणजे एका वेळी एक वाहिनी पकडणारा भाग. दोन असले की नातू सामना बघत असताना आतल्या आत आजीची मालिका टिपली जाते. चालू कार्यक्रम थांबवून ठेवण्याची सोयही यात असते. दाराची बेल वाजली, दूध उतू गेले, तरी कथा जागच्या जागी थांबून राहते.

दुसऱ्या जातीत बॉक्स साधाच असतो, पण मागे किंवा पुढे यूएसबीची खाच असते. तिथे आपला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावायची. हा मार्ग स्वस्त. मात्र यांतल्या पुष्कळ बॉक्सांत ट्यूनर एकच असतो. मग मालिकेचे रेकॉर्डिंग चालू असताना सामना बघता येत नाही, आणि ज्यासाठी पैसे घातले ते भांडण होते तिथेच राहते. दुकानात ‘रेकॉर्डिंग होते का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘एक वाहिनी टिपताना दुसरी दिसते का’ हे विचारावे आणि समोर करून दाखवायला सांगावे.

जागेचा हिशेब अवघड नाही. एचडी वाहिनीचा एक तास साधारण तीन ते चार जीबी खातो, साध्या वाहिनीचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे सव्वाशे-दीडशे तास मावतात. रोज तीन मालिका टिपणाऱ्या घराला तेवढे भरपूर झाले. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

मालिकेचा प्रत्येक भाग आपोआप टिपण्याची सोय जवळजवळ सगळे विक्रेते कौतुकाने सांगतात. ती आहेही उपयोगाची. पण बॉक्स चालतो तो वाहिनीने पाठवलेल्या वेळापत्रकावर. सामना लांबला, महाएपिसोड अर्ध्या तासाऐवजी एक तासाचा झाला आणि वेळापत्रकात ते आले नाही, की नेमका शेवट कापला जातो. शेवटी दहा मिनिटे जादा टिपण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावी. वीज गेली तर रेकॉर्डिंगही गेले, म्हणून इन्व्हर्टरच्या एका सॉकेटवर बॉक्सचा हक्क राखून ठेवावा. जोराच्या पावसात संकेत क्षीण होतात, चित्राचे चौकोन पडतात. बॉक्स बिचारा ते चौकोनच इमाने इतबारे टिपून ठेवतो.

आता मूळ मुद्दा. समजा, दसऱ्याला म्हैसूरच्या राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत निघणाऱ्या मिरवणुकीत घरातली नात एका नृत्यपथकाबरोबर आहे. (बन्नी म्हणजे शमी. म्हणजे सीमोल्लंघनाची खूण तिथेही तीच.) साडेसातशे किलोची अंबारी पाठीवर घेतलेला हत्ती, त्यात चामुंडेश्वरीची मूर्ती, आणि त्याआधीच्या पथकांत दोन-चार सेकंद आपली पोर! दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरून हे सगळे थेट दिसते. सून ते टिपून ठेवते. वर्षभर पाहुण्यांना दाखवते. मग पुन्हा बदली होते, चार महिने पैसे भरायचे राहतात, आणि एके दिवशी यादीत नाव दिसते पण चित्र उमटत नाही.

याचे कारण असे, की पैसे घेऊन वाहिन्या दाखवणाऱ्या कंपन्यांच्या रेकॉर्डरमधले रेकॉर्डिंग सांकेतिक कुलपात असते. किल्ली त्या बॉक्समध्ये आणि त्या कार्डात. कनेक्शन बंद झाले की कुलूप उघडत नाही. बॉक्स बिघडला आणि कंपनीने दुसरा दिला, तरी जुन्यातले नव्यात येत नाही. पेनड्राइव्हवर टिपले म्हणजे ते आपल्या हातात आले, असा समज होतो. पण या कंपन्यांच्या बॉक्सने भरलेला पेनड्राइव्ह संगणकाला किंवा शेजारच्या टीव्हीला लावून पाहा, सहसा काहीच दिसत नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली होती. घराघरांतले बॉक्स अजून तसे झालेले नाहीत. म्हणजे रोजच्या मालिका बघून पुसण्यासाठी हे रेकॉर्डर उत्तम, पण जपून ठेवण्याच्या गोष्टींची पेटी म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. विकताना हे कुणी आपणहून सांगत नाही, हे मात्र खटकते.

इंटरनेटला जोडायचे नवे बॉक्स, म्हणजे एअरटेलचा २०१९ मधला एक्स्ट्रीम आणि टाटाचा २०२० मधला बिंज प्लस, यांचा रोख वेगळा आहे. चुकलेला भाग इंटरनेटवरून बघा, टिपायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. मालिकांपुरते ते खरेच सोयीचे आहे, आणि ज्या घरात इंटरनेट चांगले आहे तिथे वेगळा रेकॉर्डर घेण्याआधी याचा विचार करावाच. फक्त वाहिनीने तो भाग काढून टाकला की आपल्याकडे काही उरत नाही.

नातीच्या त्या चार सेकंदांसाठी स्वस्तातला उपाय आहे तो दूरदर्शनच्या फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे पैसे नाहीत. तिच्यावर चंदना दिसते, आपली सह्याद्रीही दिसते. यूएसबी असलेल्या पुष्कळ साध्या फ्री डिश बॉक्सांवर टिपलेला कार्यक्रम कुलपाशिवाय पेनड्राइव्हवर उतरतो. तो संगणकावर उघडतो, दुसरीकडे उतरवून पुण्याच्या आजीआजोबांना पाठवता येतो. लांब कार्यक्रमाचे दोन-तीन तुकडे झालेले दिसले तर घाबरू नये, पेनड्राइव्हच्या मर्यादेमुळे बॉक्स तसे करतो. बॉक्स घेण्यापूर्वी दुकानातच पाच मिनिटे टिपून तो पेनड्राइव्ह तिथल्या संगणकावर लावून पाहावा. मालिकांसाठी कंपनीचा बॉक्स आणि सणासुदीसाठी हा, अशी जोडी ठेवली तरी चालते, मात्र उपग्रह वेगळे असल्याने छत्रीही वेगळी लागते.

दोन ट्यूनरच्या रेकॉर्डरला सहसा छत्रीपासून बॉक्सपर्यंत दोन केबली ओढाव्या लागतात. त्यात फ्री डिशची तिसरी. भाड्याचे घर असेल तर भिंतीला भोक पाडण्याची परवानगी घरमालकाकडून आधी घ्यावी, आणि बसवणाऱ्या माणसाला दसऱ्याच्या निदान पंधरा दिवस आधी बोलवावे. मधल्या काळात दोन-तीन कार्यक्रम टिपून, शेवटपर्यंत लावून बघावेत.