सही कोणाची, नकार कोणाचा?

‘पेशंटने नकार दिला.’ हे तीन शब्द केस पेपरवर खरडायचे, खाली एक सही घ्यायची, की रुग्णालय हात झटकून मोकळे! नकार कशाला? किती वाजता? का? धोका कोणी समजावला, आणि कोणत्या भाषेत? कागदावर मागमूस नाही. उद्या कोर्टात अडचण नको म्हणून आज भिंत बांधून ठेवायची, आणि आजारी माणसाला तिच्याबाहेर उभे करायचे, असा हा धंदा आहे.

रक्त चढवून घ्यायला नाही म्हणणारी बाई घ्या. अडाणी म्हणून सगळे पुढच्या खाटेकडे वळतात. तिच्याजवळ दोन मिनिटे टेकलेल्या सिस्टरलाच कळते, की घरी तान्हे मूल आहे. ‘लेकरू घरी आहे, आज थांबता येत नाही’ हे तिचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहिले, डॉक्टरांना कधी कळवले तेही टाकले, तर रात्रपाळीची सिस्टर तिला पुन्हा विचारू शकते. माणसाचे मन तासाभरात पालटते. शिवाय रक्त नको म्हणणारीने बाकीची शुश्रूषा नाकारलेली नसते!

आणि तो डामाचा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याचा, फॉर्म! खिसा रिकामा झाला म्हणून उठलेला माणूस त्यावर ‘स्वेच्छेने’ निघालेला असतो. पेशंट शुद्धीवर, सही मेहुण्याची! समीरा कोहली खटल्यात भूल दिलेल्या स्त्रीच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. सज्ञान रुग्णासाठी आईची ती संमती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले. जिथे आईचे चालत नाही, तिथे मेहुणा कोण?

सिस्टरच्या माथी खापर फोडणाऱ्यांनीही ऐकावे. उपचारातला धोका समजावणे हे डॉक्टरांचे काम. एकीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड अडकवायचा आणि प्रकरण शेकले की ‘लिहिले का नाही?’ म्हणून तिलाच मेमो द्यायचा, हा निर्लज्जपणा थांबवा. माणसे वाढवा, मराठीत लिहू द्या, फॉर्मवर कारणाचा रकाना छापा.

आणि रुग्णांनो, कागद मागा. डॉक्टरांच्या २००२च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. तुमच्या ‘नाही’पुढे तुमचे कारण लिहिले आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.