रोपाचे मूळही पाहावे

१९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळाशाळांतील मुले रोपे घेऊन टेकडीची वाट धरतात. किती रोपे लावली, याचा हिशेब उत्साहाने होतो. परंतु रोपाच्या पिशवीतील मातीबरोबर रानात आणखी काय गेले, याचा विचार सहसा होत नाही. तो झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परसातले खुरटलेले वांग्याचे किंवा भेंडीचे झाड उपटले, तर पुष्कळदा मुळांवर गाठीच गाठी दिसतात. ही सूत्रकृमीची करणी होय. इंग्लंडात बर्कले यांनी १८५५ साली काचघरातील काकडीच्या मुळांवर अशा गाठींची नोंद केली. या कृमीचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. ते मुळाच्या कोवळ्या टोकाजवळ आत शिरते, तेथेच ठाण मांडते आणि भोवतालच्या पेशी फुगवून त्यांतील रसावर जगते. मादी शेकडो अंडी घालते आणि उबदार मातीत सुमारे महिनाभरात नवी पिढी तयार होते. शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरील नत्राच्या गाठी मात्र निराळ्या व उपकारक. त्या मुळाच्या कडेला असून बोटाने सुटतात. कृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच, ती सुटत नाही.

हा केवळ शेतकऱ्याचा शत्रू, असे समजू नये. रानटी वनस्पतींच्या मुळांतही असे कृमी पूर्वापार राहतात. हॉलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवर मॅरम नावाचे गवत वाढते. त्याच्या मुळांत गाठी करणारी सूत्रकृमीची एक जात आहे. वारा ताजी वाळू आणून टाकतो, तोवर हे गवत स्वच्छ वाळूत नवी मुळे सोडून जमिनीतील शत्रूंच्या पुढे राहते. वाळू येणे थांबले, की कृमी व बुरशी त्याला गाठतात. ते क्षीण होते आणि दुसरी गवते त्याची जागा घेतात. व्हान डर पुटेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे दाखवून दिले. म्हणजे आपल्या मूळ स्थानी हा जीव निसर्गाच्या व्यवहारातील एक भागीदार असतो.

मग भीती कशाची? भीती आहे ती माणसाने परक्या ठिकाणाहून आणलेल्या कृमीची. तेथील झाडांची व त्याची जुनी ओळख नसते. ‘एवढासा कीडा, रान त्याला पचवील,’ असे कोणी म्हणेल. कदाचित पचवीलही, परंतु न पचविल्यास उपाय कोणता? शेतात पीक पालटता येते, रान पालटता येत नाही. विष ओतावे, तर मातीतील उपकारक जीवही मरतात. म्हणून येथे प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

यासाठी खर्च थोडाच आहे. रोपांच्या प्रत्येक खेपेतील चारदोन रोपे पिशवीतून काढून मुळे पाहावीत. न सुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर ती खेप रानात नेऊ नये. कुदळी-फावडी धुऊन न्यावीत. शक्यतो त्याच परिसरातील बियांची रोपे उन्हात तापविलेल्या मातीत शाळेतच वाढवावीत.

शंभर रोपांची संख्या मिरविण्यापेक्षा निरोगी मुळांची पंचवीस रोपे लावणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. पाने सर्वांनाच दिसतात. रानाचे हित चिंतणाऱ्याने मुळापर्यंत गेले पाहिजे.