उसनी ऊब

कार्तिकाची थंडी पडली, की आमच्या वऱ्हाडात एक जुनेच वैद्यक नव्याने सुरू होते. नांदगाव पेठेचा रात्रपाळीचा मजूर असो की अमरावतीचा बंगलेवाला, ‘थोडी घेतली की अंगात ऊब येते’ हे दोघांचेही सूत्र एकच. पुढे वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे सरकला, म्हणजे हीच मंडळी ‘बिअरने उष्मा निवतो’ म्हणून बाटली फोडतात! जे पौषात तापवते आणि वैशाखात निववते, ते औषध नव्हे, निमित्त आहे; हे कळायला वैद्य कशाला हवा?

तरी वैद्यालाच विचारू. चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात, मद्याचे १० गुण सांगितले आहेत. उष्ण, तीक्ष्ण, रूक्ष असे ते दहाही शीत, मृदू, स्निग्ध अशा ओजाच्या गुणांचे वैरी. चिनी वैद्यकही मद्याला उष्णच ठरवते. त्याने शरीरात ओलसर दाह साचतो, असे मानते. ‘पण युक्तीने घेतलेल्या मद्याला चरकच अमृत म्हणतात ना?’ म्हणतात, पण विधी, मात्रा, काळ, हितकर अन्न आणि आपले बळ पाहून घेतले तर! अमृत तेवढे उचलायचे आणि अटी वाऱ्यावर सोडायच्या, ही कुठली शास्त्रनिष्ठा?

आता त्या उबेचे मर्म पाहा. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त वर येते. चेहरा लाल होतो, हातपाय ऊन वाटतात. परंतु ही उष्णता नवी निर्माण झालेली नसते; गाभ्यातून उसनी आणून ती बाहेर उधळलेली असते. थंडीत उघड्यावर निजलेला मद्यपी म्हणूनच अधिक लवकर गारठतो. उन्हाळ्यात लघवी वाढून अंगातले पाणीच घटते. निवणार काय, कपाळ?

सर्वांत संताप येतो तो बाळाला सर्दी झाली की ब्रँडीचे बोट चाटवणाऱ्या शहाणपणाचा. मद्याने तान्ह्या जिवाची रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. आजीची माया खरी. पण मायेने दिलेले विषही विषच.

सरकारची तऱ्हा तर याहून न्यारी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या या राज्यात पिण्याचा परवाना मिळतो, तो आरोग्यरक्षणाच्या नावाने!

नांदगाव पेठेवरून नागपूरकडे जाणाऱ्या याच रस्त्यावर मोझरीला तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे. १९५६ साली निवर्तलेल्या गाडगेबाबांनी याच मुलखात कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. तरी आपण ऊब बाटलीत शोधावी?

वाचकहो, दिवाळी आहे. तिळाच्या तेलाचा अभ्यंग करा, ऊन पाण्याने न्हा, शेकोटीभोवती बसा. ही ऊब उसनी नाही. तिची फेड लेकराबाळांना करावी लागत नाही.