मसलत

आमच्या इमारतीच्या आवारात दर दिवाळीला पोरे किल्ला करतात. विटांचे तुकडे, गोणपाट, चिकणमाती आणि चार दिवस आधी पेरलेले अळीव, एवढ्या भांडवलावर डोंगर उभा राहतो. वसईच्या पोरांना किल्ला म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. चिमाजीअप्पांचा किल्ला त्यांच्या सायकलच्या टप्प्यात आहे. यंदा वरच्या मजल्यावरचा एक सातवीतला सेनापती माझ्याकडे तक्रार घेऊन आला. महाराज सिंहासनावर बसले होते, पहारेकरी दारात उभे होते, तोफ बुरुजावर चढली होती. पण बाजारातून आणलेल्या चित्रांत एक गृहस्थ असे निघाले की त्यांच्या हातात ढाल नाही, तलवार नाही, नुसती कागदाची गुंडाळी.

"काका, हा लढत नाही. मग याला ठेवायचा कुठे?"

"महाराजांच्या बाजूला ठेव. तो मंत्री आहे. सल्ला देतो."

"म्हणजे टीव्हीवर ते सुरक्षा सल्लागार दाखवतात, तसा?"

मी "तसाच" म्हणून मोकळा झालो. पोराचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. गेली वीस वर्षे मी मुलांना बखरी शिकवतो आहे, आणि हा 'तसाच' कितपत खरा, हे मी कधी तपासून पाहिले नव्हते.

आपल्या जुन्या कागदपत्रांत सल्ल्याला एक फार सुंदर शब्द आहे: मसलत. मूळ अरबी. मौज अशी की मराठीत आल्यावर या एकाच शब्दाने दोन घरे केली. चार शहाण्यांनी बसून केलेला विचार ही मसलत, आणि त्या विचारापोटी निघालेली मोहीम हीही मसलतच. आपल्या पूर्वजांनी बोलणे आणि करणे यांच्यात शब्दापुरतीसुद्धा भिंत ठेवली नाही. १६७४ सालच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची जी व्यवस्था झाली तीत हेच दिसते. पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर बाकी सहा प्रधानांनी प्रसंग पडल्यास लढाईवर जायचे होते. पोराच्या हातातला तो कागदवाला खरा मंत्री असेल तर त्याचे दुसरे नाव वाकनीस. राजाची रोजनिशी, खाशांचा बंदोबस्त आणि बातम्यांवर नजर ही त्याची कामे. म्हणजे माझे 'तसाच' अगदीच चुकले नव्हते. मात्र बहिर्जी नाईक या आठांत नाही, हे ध्यानात असू द्यावे. बातमी आणणारा सदरेवर बसत नसे. पण त्याची बातमी सदरेपर्यंत पोचत असे.

आता दिल्लीकडे वळू. आपल्याकडे बोलताना परिषद आणि सल्लागार मंडळ यांची सरमिसळ होते, वर्तमानपत्रांतही होते. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९९८ सालच्या नोव्हेंबरात स्थापन झाली. अध्यक्ष पंतप्रधान, आणि सभासद म्हणून गृह, संरक्षण, परराष्ट्र व अर्थ या खात्यांचे मंत्री. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हा या परिषदेचा चिटणीस. पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र. परिषदेच्या हाताखाली सचिव आणि सेनाप्रमुख यांचा एक गट असतो, एक सचिवालय असते, आणि तिसरे ते सल्लागार मंडळ. त्यात सरकारी नोकरीबाहेरची माणसे: निवृत्त सेनाधिकारी, राजदूत, पोलीस, विद्वान. या मंडळाचे पहिले निमंत्रक के. सुब्रह्मण्यम, आणि १९९९ सालच्या ऑगस्टात अण्वस्त्र धोरणाचा मसुदा लोकांपुढे आला तो याच मंडळाचा. २०२५ च्या एप्रिलात, पहलगामच्या हत्याकांडानंतर आठवड्याभरात, मंडळाची फेररचना होऊन आलोक जोशी अध्यक्ष झाले.

घटनेत या परिषदेचा उल्लेख नाही. अमेरिकेने १९४७ साली आपली परिषद कायद्याने निर्माण केली. आपली सरकारी ठरावावर उभी आहे. त्याआधी १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंहांच्या कारकिर्दीतही एक परिषद निघाली होती. ती एकदाच भरली. आणखी गंमत म्हणजे अंतिम निर्णय ज्या मंत्रिमंडळ समितीत होतो तिथेही बहुतेक तेच मंत्री बसतात. एक टोपी घालून सल्ला द्यायचा आणि दुसरी घालून तो ऐकायचा! आमच्या कॉलेजात एकच प्राध्यापक सहलसमितीचा आणि हिशेबसमितीचाही प्रमुख असतो, त्याची मला आठवण झाली. पण थट्टा पुरे. रोजच्या घाईत बुडालेल्या मंत्र्यांना महिन्यातून एकदा तरी दहा वर्षांपुढचे पाहायला लावावे, हा या मांडणीमागचा हेतू चांगलाच आहे.

परिषद नसतानाही मसलत कशी चालते याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. १९६२ साली चीनपुढे दाणादाण उडाल्यावर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. तिथे त्यांनी सेनाप्रमुख आणि सचिव यांच्याबरोबर रोज सकाळी बसण्याचा परिपाठ ठेवला. ही साधी बैठक. पण तीन वर्षांनी, १ सप्टेंबर १९६५ ला, पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले आणि विमानदलाला हाक द्यायची की नाही हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा यशवंतरावांनी होकार द्यायला फार वेळ घेतला नाही. ज्यांच्याशी रोज बोलणे आहे त्यांच्या शब्दाचे वजन माणसाला ठाऊक असते. मला वाटते, मसलतीची निम्मी किंमत या सवयीत आहे.

उरलेली निम्मी कशात, हे कारगिलने दाखवले. परिषद होऊन सहा महिने झाले नाहीत तोच १९९९ च्या मे महिन्यात शत्रू डोंगरमाथ्यावर बसलेला सापडला. त्याला प्रथम पाहिले ते गारकोन गावच्या ताशी नामग्याल या मेंढपाळाने, आपला हरवलेला याक शोधताना. युद्धानंतर सुब्रह्मण्यमांच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. निरनिराळ्या खात्यांना मिळालेली माहिती एकत्र करून तिचा अर्थ लावण्याची धड सोय नव्हती, हे या समितीने दाखवून दिले. आणि सुरक्षा सल्लागार हा पूर्ण वेळेचा असावा, असेही सुचवले. कारण त्या वेळी ब्रजेश मिश्र पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते, आणि पुढे २००४ पर्यंत दोन्ही कामे त्यांच्याकडेच राहिली.

तिथे मेंढपाळ, आणि आपल्या किनाऱ्यावर कोळी. १९९३ साली रायगड जिल्ह्यात शेखाडीला स्फोटके उतरली. २००८ च्या २६ नोव्हेंबरला 'कुबेर' नावाची मासेमारीची बोट पळवून आलेले दहा जण रबरी होडीतून मुंबईच्या मच्छीमार नगराशी उतरले. त्यांना तिथे पहिल्यांदा पाहिले आणि हटकले ते वस्तीतल्या माणसांनी. समुद्राकडून हल्ला होण्याच्या सूचना आधी येऊन गेल्या होत्या, त्यांचे धागे कोणी जुळवले नव्हते. या प्रकाराची चौकशी राज्य सरकारने राम प्रधानांकडे सोपवली. हे प्रधान म्हणजे दिल्लीत यशवंतरावांचे खाजगी चिटणीस होते तेच. पुढे सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली, कोळ्यांना ओळखपत्रे मिळाली, किनाऱ्यावर रडार उभी राहिली. आणि २०२२ साली परिषदेच्या सचिवालयात सागरी सुरक्षेसाठी एक स्वतंत्र समन्वयक बसला, निवृत्त व्हाइस ॲडमिरल जी. अशोक कुमार. शेखाडीपासून मोजले तर एकोणतीस वर्षांनी दर्याला दिल्लीच्या बैठकीत पाट मिळाला.

वसईत राहणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटते. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली आणि दोनशे वर्षे राखली. त्यांची मोठी मसलत गोव्याला, विजरईच्या दरबारात. तिथे शहाणे नव्हते असे नाही. उत्तरेकडच्या ठाण्यांची पाहणी होऊन बंदोबस्त कच्चा असल्याचे कळलेही होते. ठाण्याला नवा कोट घालायचे ठरले, पण १७३७ च्या मार्चअखेर मराठे आले तेव्हा तो कोट अर्धाच होता. उलट पुण्याकडे पाहा. साष्टीच्या बखरीत गंगाजी नाईक अणजूरकर आणि त्यांचे भाऊ यांची हकीकत आहे. ही मुलखातली माणसे, फिरंग्यांच्या जाचाने गांजलेली. त्यांनी पेशव्यांच्या दाराशी वर्षानुवर्षे खेपा घातल्या. खाडी कुठे उतरावी, कोण फितूर होईल, कोणते ठाणे रिकामे, हे या मंडळींना घरच्या अंगणासारखे माहीत. बाजीराव-चिमाजींनी ते ऐकून घेतले आणि मोहिमेत त्यांना बरोबर घेतले. ठाण्याचा कोट पडला, अर्नाळा आला. १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपड्यांना गोव्यावर धाडून विजरईला घरातच गुंतवून ठेवले, की वसईला मदत निघू नये. मे महिन्यात वसई आली. वेढ्याचे शौर्य आपण भाषणांत नेहमी सांगतो. अणजूरच्या नाईकांच्या खेपा सांगायच्या राहून जातात. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी सुरुंग उडतात, चिमाजीअप्पा गर्जतात, पण गंगाजी नाईकांचे काम करायला एकही मुलगा तयार होत नाही. त्यात तलवार नाही ना!

म्हणून सल्लागार मंडळाची यादी छापून आली की मी ती जरा निराळ्या नजरेने वाचतो. निवृत्त सेनापती आहेत, राजदूत आहेत, हेरखात्यात जन्म घालवलेले आहेत. हवेतच. त्यांच्या जागी उद्या कोळी-मेंढपाळ बसवा असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. अण्वस्त्रांचे धोरण पाचूबंदरच्या धक्क्यावर ठरत नसते. पण या यादीतल्या कोणाच्या दाराशी आजचा अणजूरकर खेपा घालू शकेल, आणि कितव्या खेपेला दार उघडेल, एवढेच मला त्यात शोधावेसे वाटते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. कोळीवाड्यातला. बी.ए. झाला आणि वडिलांबरोबर होडीवरही जातो. पोरांचा किल्ला त्याने कौतुकाने पाहिला. मी विषय काढला तेव्हा चकली मोडता मोडता म्हणाला, "कार्ड आहे ना सर, सगळ्यांकडे. कोणी विचारलं की दाखवतो."

"आणि तुला काही वेगळं दिसलं तर? कोणाला सांगायचं ते ठाऊक आहे?"

"दहा-त्र्याण्णव. पाठ आहे. पण आमची होडी लहान, वायरलेस मोठ्या बोटींवर. आत गेलं की मोबाइलला रेंज नाही. मग बंदराला येऊन सांगायचं."

"म्हणजे किती वेळ?"

त्याने थोडा विचार केला. "ओहोटी असली तर तीन तास. कधी चार." मग घड्याळाकडे पाहिले आणि चहा अर्धा ठेवून उठला. भरती लागली होती.