कारण की... म्हणून!

इंग्रजी लिहिताना आपण स्पेलिंगला भितो, 'अ' आणि 'द'ला भितो. पण खरी फजिती होते ती 'कारण' सांगताना. शेजारपाजारची मुले नोकरीचे अर्ज माझ्याकडे तपासायला आणतात. त्यांत एक वाक्य हटकून भेटते : 'ॲज आय वॉज इल, सो आय कुड नॉट कम.' शब्द इंग्रजी, सांगाडा मराठी! आपल्याकडे 'ज्याअर्थी' आले की पाठोपाठ 'त्याअर्थी' यावेच लागते. दोन्ही टोकांना गाठ मारल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही. इंग्रजीला एक गाठ पुरते. 'ॲज' ठेवा किंवा 'सो' ठेवा. दोन्ही ठेवलेत की साहेबाची पेन्सिल उचललीच!

मग 'बिकॉज', 'सिन्स' आणि 'ॲज' यांतले घ्यावे कोणते? ऐकणाऱ्याला कारण ठाऊक नसेल आणि तेच सांगायचे असेल, तर 'बिकॉज'. 'का?' या प्रश्नाचे उत्तर 'सिन्स'ने सुरू होत नाही. कारण उघड दिसत असेल आणि भर पुढच्या गोष्टीवर असेल, तर 'सिन्स' किंवा 'ॲज'. 'पाऊस पडतोच आहे, तेव्हा जेवूनच जा' असे आपण पाहुण्याला म्हणतो ना, तसे. गंमत अशी, की आपला 'तेव्हा' जसा काळही सांगतो आणि कारणही, तसाच 'सिन्स'. त्याचे 'पासून' आणि 'म्हणून' असे दोन्ही अर्थ होतात. घोटाळ्याची शंका आली, तर मुकाट्याने 'बिकॉज' लिहावे.

पण हा 'बिकॉज'सुद्धा 'नॉट'च्या संगतीत बिघडतो, आणि तेथे नुकसान मोठे. 'आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.' वाचणाऱ्याने काय समजावे? पगार बरा होता म्हणून गृहस्थ टिकून राहिले, की नोकरी सोडली, पण पगारापायी नव्हे? आपल्याकडे 'नव्हे' हा शब्द नेमका कारणाशेजारी बसवता येतो. इंग्रजीत 'नॉट' क्रियापदाला चिकटतो आणि अर्थ लोंबकळत राहतो. अशा वेळी वाक्य सरळ फिरवावे : 'आय लेफ्ट द जॉब, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी.' एका वाक्यावर मुलाखतीचे बोलावणे अडू नये!

राहता राहिला 'ड्यू टू'. त्याने वाक्य सुरू करून कारण सांगण्याच्या पद्धतीवर फाउलर या व्याकरणपंडिताने आपल्या १९२६ च्या कोशात तोंडसुख घेतले आणि 'ओइंग टू'ची शिफारस केली. पुढे १९५७ साली कॅनडाच्या पार्लमेंटात खुद्द एलिझाबेथ राणीच्या भाषणात तोच 'ड्यू टू' अवतरला! आता त्याला फारसे कोणी हरकत घेत नाही. तरी अर्जात मी मुलांना 'बिकॉज ऑफ'च लिहायला सांगतो. जुन्या वळणाच्या साहेबालाही त्यावर बोट ठेवता येत नाही.