आमचा उजेड, लोकांचा अंधार

‘काय दिवे लावलेस?’ हा प्रश्न आमच्या घरात पिढीजात आहे. वडील मला तो दर परीक्षेच्या निकालाला विचारत. पुढे साहेब विचारू लागले, आणि निवृत्त झाल्यावर ते खातं सौभाग्यवतींनी आपल्याकडे घेतलं. शेवटी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी खरोखरच दिवे लावले. मोटारीला लावले. त्याचीच ही कबुली आहे. कबुलीच्या ओघात चार लोकांना चार शब्द सुनावणार आहे, त्यांनी ते गोड मानून घ्यावेत. नाही मानले तरी सुनावणार आहे.

आम्ही राहतो जळगावला आणि लेक दिलीय धुळ्याला. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. पूर्वीचा सहा नंबरचा, आता ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. शनिवारी सकाळी निघावं, बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडावा, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी ओळखीची गावं मोजत दुपारच्या जेवणाला पोचावं. प्रश्न येतो तो रविवारी रात्री परतताना. जावईबापू आग्रहानं शेवभाजी वाढतात, त्यात नऊ वाजतात, आणि मग सुरू होतो तो आंधळी कोशिंबिरीचा खेळ. समोरून येणारा प्रत्येक ट्रक म्हणजे चार चार सूर्य घेऊन निघालेला सूर्यनारायण. तो निघून गेला की मागे जो अंधार उरतो त्यात रस्ता कुठला, खड्डा कुठला आणि दिवा नसलेली उसाची ट्रॉली कुठली, हे फक्त परमेश्वराला ठाऊक.

या रस्त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं की काही मुलं त्याच्या कडेनं शाळेत गेली आणि कॉलेजातून बाहेर पडली. तेव्हा रस्त्याच्या भरवशावर न राहता मी दिव्यांच्या भरवशावर राहायचं ठरवलं आणि एका ऑटो इलेक्ट्रिशियनला गाठलं. त्यानं माझ्या दिव्यांकडे पाहिलं ते डॉक्टर हाताबाहेर गेलेल्या रोग्याकडे पाहतात तसं. “काका, हे दिवे आहेत का पणत्या?” मग कंपनीचे बल्ब काढून त्यांच्या जागी पांढरेफेक एलईडी बसवले. बंपरवर दोन गोल दिवे चढवले. त्यांच्यामधली जागा बोडकी दिसते म्हणून तिथं एक लांबलचक पट्टी ठोकली. बटण दाबून तो अभिमानानं म्हणाला, “भाऊ, आते रातना दिन हुई जाई!”

झालाच. पुढच्या रविवारी मी धुळ्याहून निघालो तो विजयादशमीच्या स्वारीसारखा. दूरवरच्या कुत्र्याचे डोळे दिसले. निंबाची पानं मोजता आली असती. समोरचे वाहनवाले दिवे उघडझाप करत होते. मला वाटलं, नव्या दिव्यांना मानवंदना देताहेत. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, शिव्या देत असतील.” बायकांना मोटारीतलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं, कारण संसार पस्तीस वर्षांचा आहे.

पुढच्या लग्नसराईत पारोळ्याच्या आतल्या बाजूला एका खेड्यात लग्न होतं. रात्री परतताना रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बाभळी. समोरून एकच दिवा हेलकावत येत होता. आपल्याला तर लख्ख दिसतंय, मग डिपर कशाला द्यायचा, अशी माझी समजूत. तेवढ्यात तो दिवा एकदम कडेला सरकला, तिरपा झाला आणि आडवा पडला.

मी गाडी थांबवून धावलो. मोटारसायकल बाभळीत. नवरा-बायको आणि पुढे टाकीवर बसवलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. देवाची कृपा म्हणून मुलीचा गुडघा आणि त्याचा तळहात खरचटला, एवढ्यावर निभावलं. मी “लागलं का, लागलं का” करत होतो आणि ती तिघंही डोळ्यांवर हात धरून बसली होती. तो माणूस चिडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, “काका, आधी ते लाईट तर बंद करा ना भो!”

मदतीला धावलेल्या माझ्या पाठीमागे माझे पाचही दिवे त्यांच्या डोळ्यांत भाले खुपसत उभे होते. मी जाऊन ते बंद केले. घटकाभर काहीच दिसेना. मग हळूहळू रस्ता दिसला, बाभळी दिसल्या, आणि त्या मुलीचा चेहरा दिसला. ती रडायची थांबली होती आणि माझ्याकडे टक लावून पाहत होती. त्या उजेडात नव्वद किलोमीटर हिंडून मला जे दिसलं नव्हतं, ते त्या अंधारात दिसलं.

तेव्हापासून मी या दिवेवाल्यांचा वैरी झालो आहे. आणि धर्मांतर केलेला माणूस फार कडवा असतो, हे ध्यानात ठेवा.

पहिला युक्तिवाद ठरलेला: “समोरचे लावतात, मग आपण काय करायचं?” म्हणजे समोरच्यानं आपल्याला आंधळं केलं तर आपण त्याला करायचं. मग ताशी साठच्या वेगानं एकमेकांकडे येणारे दोन आंधळे, यालाच सुरक्षित प्रवास म्हणायचं! जरा हिशेब करा. साठच्या वेगात मोटार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळे दिपले आणि पुन्हा दिसायला फक्त तीन सेकंद लागले, तरी ५० मीटर तुम्ही देवाच्या नावानं चालवता. आणि आमच्या वयाच्या डोळ्यांना तीन सेकंद पुरत नाहीत. त्यांना बँकेतल्या पेन्शनच्या रांगेइतका वेळ लागतो.

दुसरा युक्तिवाद: “जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं.” साफ खोटं. दिव्यातली कारागिरी उजेड पाडण्यात नाही, तो आवरण्यात आहे. साध्या एच-फोर बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती अर्धा उजेड अडवते, म्हणून उरलेला खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. त्या घरात भलताच एलईडी कोंबला की वाटीचा हिशेब चुकतो आणि उजेड वाट फुटेल तिकडे धावतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत खाली वळलेला हवा; ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. दीड मीटर! म्हणजे नियम करणाऱ्यानं बाभळीशेजारच्या त्या माणसाचे डोळे मोजून ठेवले होते. मोजले नव्हते ते मी.

गंमत बघा. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो. भर दुपारी असा दिवा दिसला की अख्खं जळगाव पंजा मिटून-उघडून ‘लाईट चालू आहे’ म्हणून खुणावतं. एवढं परोपकारी गाव! पण रात्री पाच दिवे पेटवून निघालेल्याला खुणावायला कोणाचा हात उठत नाही. उठतो तो डोळे झाकायला. चौपदरी रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लावतात ती फुलांच्या हौसेपोटीच नव्हे. पलीकडच्याचा उजेड अडावा, हा तिचा मुख्य उद्योग. आमच्या सभ्यतेचं काम शेवटी झुडपांवर सोपवावं लागलं.

“मग रात्री दिसायचं कसं?” असा रास्त प्रश्न कोणी विचारील. मीही तो विचारला, एका जुन्या मिस्त्रीला. त्यानं आधी काचा पुसल्या. चार वर्षांची धूळ निघाली. पिवळ्या पडलेल्या काचा घासून दिल्या. मग वायरिंग तपासलं. व्होल्टेज दहा टक्के घटलं की बल्बचा उजेड तीसेक टक्के घटतो, म्हणाला, आणि रिले बसवून दिला. कंपनीचेच ६०/५५ वॅटचे बल्ब परत घातले, गाडी भिंतीसमोर उभी करून झोत खाली बसवला. एवढंच. धुळ्याचा रस्ता मला आता दिसतो. जिथं दिसत नाही तिथं मी पाय ब्रेकवर ठेवतो. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे, म्हणूनच बाजारात मिळत नाही. उरलेल्या पैशांत मी लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणल्या आणि ओळखीतल्या ट्रॉल्यांच्या मागे चिकटवत सुटलो. लोक हसतात. हसू देत.

काढलेले पाच दिवे घराच्या माळ्यावर आहेत. परवा सौभाग्यवतींनी माळा आवरताना ते खाली काढले आणि सवयीनं तोच प्रश्न विचारला: आयुष्यात काय दिवे लावलेत?

म्हटलं, “लावले होते. काढून टाकले.”

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं उत्तर त्यांना पटलं.