मुरगळलेला पाय किरकोळ समजू नका

ओल्या डेकवर घसरून पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे, हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध ताणतात, कधी तुटतातही. आपण तेल चोळतो आणि दुसऱ्या पहाटे जाळं ओढायला हजर! असा सैल राहिलेला घोटा मग पुन्हा पुन्हा मुरगळतो.

पहिले दोन दिवस चोळणं नको. पाय उंच ठेवा, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढाच.

बर्फ आपल्याकडे भरपूर आहे, अडचण वाट्याची आहे. घरी बसला तर वाटा जातो, म्हणून खलाशी लंगडत बोटीवर चढतो. बोटमालकांनो, आमचं स्पष्ट मत आहे: त्या दिवसांचा वाटा कापू नका.